दुसरा रिमोट की ऑनलाइन?

आमच्या काउंटरवर "केवढ्याला?" असं आता फारसं कुणी विचारत नाही. किंमत माणूस घरीच मोबाइलवर बघून येतो, दोन-तीन ठिकाणची ताडून येतो. काउंटरवर कोपर टेकवून, आवाज जरा खाली आणून तो विचारतो, "दादा, घेऊ का?"

घाटकोपर पश्चिमेला, स्टेशन आणि लालबहादूर शास्त्री मार्ग यांच्यामधल्या एका गल्लीत आमचं व्हिडिओ गेमचं दुकान आहे. पुढे विक्री, मागे फळीच्या आडोशाला माझं दुरुस्तीचं टेबल. शेठ कच्छी, मी भटवाडीचा. नवे कन्सोल विकायचे, जुने तपासून घ्यायचे, बिघडलेले उघडायचे, हे माझं काम. पण दिवसातला बराच वेळ जातो तो या "घेऊ का"ला उत्तर देण्यात. विचारणारा बहुधा बाप असतो, कधी आई, हल्ली पहिल्या पगारावर आलेली पोरंही असतात. मुलाला फुटपाथवर उभं करून एकटेच आत आलेले वडील मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांना माझ्याकडून "नको" ऐकायचं असतं, म्हणजे बाहेर जाऊन दुकानदाराचं नाव सांगता येतं.

मी कामाला लागलो तेव्हा या प्रश्नात दम नव्हता. फळीवर कॅसेटचे टीव्ही गेम असायचे, जपानी मशीनच्या नकला. पिवळ्या कॅसेटवर '९९९९ इन १' छापलेलं आणि आत मोजके खेळ, तेच ते आलटून पालटून. मारिओ, कॉन्ट्रा, रणगाडे. पालक यायचे, मशीन चालू करून दाखवायला सांगायचे, घासाघीस करायचे आणि पिशवीत घालून घेऊन जायचे. त्या खोक्यात दोन रिमोट असायचे. कंट्रोलर हा शब्द अजून आला नव्हता, आमच्या गिऱ्हाइकांपैकी निम्मी आजही रिमोटच म्हणतात. दोन रिमोट असल्यामुळे भावंडं, शेजारपाजारची पोरं आपोआप जमायची. पैसे एकदाच जायचे. वर्षभर टिकला तरी लोक समाधानी असत.

मग प्लेस्टेशन टू आला. जपानात तो २००० साली निघाला आणि जगभरात पंधरा कोटींहून जास्त खपला. आमच्याकडे तो आला तेव्हा लॅमिंग्टन रोडवर त्याच्या नकली सीड्यांचे गठ्ठे मिळायचे, आणि त्या चालाव्यात म्हणून मशीनमध्ये चिप बसवावी लागायची. केसाएवढ्या वायरी सोल्डर करायला मी शिकलो तो त्याच चिपांवर. गल्लोगल्ली पार्लर झाली होती, तासाच्या भाड्यावर स्मॅकडाऊन आणि क्रिकेट. कन्सोल विकत घ्यायचा की पार्लरमध्ये तासावर खेळायचं, एवढाच तेव्हा हिशेब. पण एक फरक मला तेव्हाच खटकला होता: या खोक्यात रिमोट एकच होता. दुसऱ्याचे पैसे वेगळे.

अस्सल मालाचा काळ त्यानंतरचा. सप्टेंबर २००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० भारतात आला, २७ एप्रिल २००७ ला प्लेस्टेशन थ्री, किंमत ३९,९९० रुपये. दोन्ही मशीन इंटरनेटला जोडता येत होती, पण घाटकोपरात तेव्हा नेट म्हणजे एमटीएनएलचं ट्रायबँड किंवा केबलवाल्याची गच्चीवरून आलेली वायर. ऑनलाइन खेळणं ही मूठभरांची हौस होती. त्या मूठभरांमुळे मला एक गोष्ट लवकर कळली. एप्रिल २०११ मध्ये प्लेस्टेशनच्या नेटवर्कमध्ये घुसखोरी झाली, ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली आणि सेवा तीन आठवड्यांहून जास्त बंद राहिली. त्या दिवसांत राजावाडीकडचा एक मुलगा मशीन उचलून घेऊन आला, "दादा, बोर्ड गेलाय बहुतेक, लॉगिनच होत नाही." मी उघडून पाहिलं. बोर्ड ठणठणीत होता, लेझर स्वच्छ, पंखा फिरत होता. टेबलावरचं मशीन पूर्ण बरं आणि तरी त्याला हवं ते चालत नाही, असं मी प्रथमच पाहत होतो. या वस्तूचा एक भाग आपल्या घरात येतच नाही, तो दुसरीकडे कुठेतरी राहतो आणि तो दुरुस्त करायला माझ्याकडे पेचकस नाही, हे त्या दिवशी लक्षात आलं.

पुढच्या पिढीत त्या न येणाऱ्या भागाचं भाडं सुरू झालं. प्लेस्टेशन फोर भारतात ६ जानेवारी २०१४ ला आला, पुन्हा ३९,९९० ला. आधीच्या मशीनवर ऑनलाइन खेळायला वेगळे पैसे पडत नव्हते, या मशीनपासून बहुतेक खेळांत दुसऱ्यांशी नेटवरून खेळायचं तर प्लेस्टेशन प्लस हवं झालं. एक्सबॉक्सवर ही पद्धत आधीपासून होतीच. त्याच वर्षी जूनमध्ये घाटकोपरला मेट्रो सुरू झाली आणि आमचं गिऱ्हाईक बदललं. अंधेरी, मरोळ, साकीनाक्याची पोरं पाठीवरच्या सॅकमध्ये कन्सोल घालून दुरुस्तीला येऊ लागली. त्यांना ऑनलाइन म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नसे. समजावून सांगावं लागे ते त्यांच्या वडिलांना. "मशीनचे पैसे दिले, गेमचे दिले, घरच्या इंटरनेटचे देतो. मग हे कसले?" या प्रश्नाला आजही माझ्याकडे बापाचं समाधान होईल असं उत्तर नाही. मी सांगतो, आहे ते असं आहे.

जुना एक सल्ला होता, "थांबा, वर्षा-दोन वर्षांत स्वस्त होईल." प्लेस्टेशन टू, थ्री, फोर तिघांच्या बाबतीत तो खरा ठरला. १ जानेवारी २०१९ पासून कन्सोलवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तेव्हाही थांबलेले लोक फायद्यात राहिले. मग फाइव्ह आला. १२ जानेवारी २०२१ ला त्याचं आगाऊ बुकिंग उघडलं आणि काही मिनिटांत संपलं. २ फेब्रुवारीला मशीन आलं, सीडीवालं ४९,९९० ला, बिनसीडीचं डिजिटल ३९,९९० ला. महिनोन्‌महिने माल नव्हता, छापील किमतीच्या वर मागणाऱ्यांचे दिवस होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच मशीनची किंमत वाढून ५४,९९० आणि ४४,९९० झाली. माझ्या पाहण्यात कन्सोल जुना होऊन महाग होण्याची ही पहिलीच वेळ. सणासुदीला काही हजारांची सूट निघते, तेवढंच. त्यामुळे "थांबा" असं मी आता किमतीसाठी सांगत नाही. सांगतो ते दुसऱ्या कारणासाठी.

सीडीवालं घ्यावं की डिजिटल, हा पहिला फाटा. तेव्हाचा दहा हजारांचा फरक बघून बरेच जण डिजिटलकडे वळत. आमच्या शेठचा अशा वेळी एकच सवाल असतो, "विकायला काढलं तर काय येणार?" फाइव्ह आल्यावर नव्या मोठ्या गेमची सीडी ४,९९९ पर्यंत गेली. खेळून झाल्यावर लवकर आणली तर तिला बरे पैसे येतात, किंवा थोडे वर देऊन दुसरी मिळते. मुंबईत हा एक्स्चेंजचा धंदा जोरात चालतो, मित्रामित्रांत तर फुकट फिरते. डिजिटलवर घेतलेला गेम खात्याला चिकटलेला असतो, तो ना विकता येतो, ना शेजाऱ्याला देता येतो. वर्षात चार-पाच मोठे गेम खेळणाऱ्याचे ते दहा हजार दोन वर्षांत सुटत. वर्षात एकच फुटबॉलचा गेम खेळणाऱ्याला डिजिटल पुरतं. त्यामुळे मी विचारतो, "काय खेळणार?" उत्तर येत नाही तेव्हा समजावं की हा माणूस मशीन घ्यायला आलाय, खेळायला अजून आलेला नाही.

आता सेवेचं. २०२२ मध्ये प्लेस्टेशन प्लसच्या तीन पायऱ्या झाल्या: इसेन्शियल, एक्स्ट्रा आणि आपल्याकडे डिलक्स. पहिलीत ऑनलाइन खेळता येतं, दर महिन्याला दोन-तीन गेम मिळतात, खेळाची नोंद त्यांच्या सर्व्हरवर राहते. वरच्या पायऱ्यांत शेकडो गेमचं कपाट उघडतं. वर्षाचा दर आधी २,९९९, ४,९९९ आणि ५,७४९ होता. सप्टेंबर २०२३ मध्ये तो ३,९४९, ६,६९९ आणि ७,६०९ झाला. पहिल्या पायरीचा महिन्याचा दर ४९९ होता. त्या दरांनी मी गिऱ्हाइकासमोर जुन्या बिलाच्या मागे आकडे मांडायचो. कन्सोल ५४,९९०. पाच वर्षं मशीन चालेल असं धरा. पहिल्या पायरीचे पाच वर्षांचे १९,७४५, दुसरीचे ३३,४९५. वीज रोज तीन तास खेळल्यास महिन्याला अठरा-वीस युनिट, ती कुणी विचारात घेत नाही, घ्यायची गरजही नाही. आकडे बघून बाप गप्प व्हायचा. मग मी पुढचं सांगायचो, ते दुकानदाराने सांगणं त्याला अपेक्षित नसायचं. शेजारी बसून दोघांनी खेळायला यातला एक रुपयाही लागत नाही. फोर्टनाइट, रॉकेट लीगसारखे जे गेम मुळातच फुकट आहेत, त्यांना ऑनलाइन खेळायलाही प्लस लागत नाही. एकट्याने गोष्टीचा गेम खेळणाऱ्याला तर अजिबात लागत नाही. आणि प्लसमधून मिळालेले गेम प्लस चालू आहे तोवरच चालतात. भरणं थांबलं की यादीत नाव दिसतं, गेम उघडत नाही.

तरीही सेवा कशासाठी घ्यायची, याचं उत्तर मला बिलांवरून कधी मिळालं नसतं. ते मिळालं टेबलावर उघडलेल्या मशीनांवरून.

कन्सोल उघडला की घर दिसतं. डोंगरउतारावरच्या एका खोलीच्या घरातून आलेल्या मशीनमध्ये तेलकट धूळ असते, कारण टीव्ही आणि शेगडी एकाच भिंतीला असतात. झुरळांना मशीनची ऊब आवडते, पॉवर सप्लायच्या पट्टीखाली त्यांचा संसार सापडतो. टॉवरमधून आलेल्या मशीनमध्ये धूळ कोरडी आणि पांढरी. पावसाळ्यात पोर्टांना गंज धरतो. एचडीएमआयचं पोर्ट तुटलेलं आलं की समजावं, घरात टीव्ही एक आहे आणि वायर रोज काढघाल होते, कुणाचा तरी सेट टॉप बॉक्स तिथं लागतो. ही माहिती कुठल्याही जाहिरातीत नसते, पण "घेऊ का"चं अर्धं उत्तर तीत असतं. ज्या घरात आठ ते दहा आजीच्या मालिका, दहानंतर बाबांच्या बातम्या आणि अकराला दिवा बंद, तिथं एवढ्या किमतीचं मशीन किती वाजता चालू होणार? मी हे विचारतो तेव्हा लोक हसतात. मग आठवतात, मोजतात.

विकायला आलेली मशीन आणखी बोलतात. प्लेस्टेशन फाइव्हमध्ये कुठला गेम किती तास खेळला याची नोंद दिसते. मशीन पुसून कोरं करण्याआधी गिऱ्हाइकाच्या परवानगीने मी ती बघतो. मॉलच्या बाजूच्या एका टॉवरमधले साहेब असंच एक मशीन घेऊन आले होते. बाहेर ओरखडा नाही, आत धूळ नाही, रिमोटचं रबर नवं. आठ-दहा गेम, प्रत्येकापुढे एक तास, दोन तास. वरच्या पायरीची सेवा मात्र वर्षाची भरलेली. "पॅकेजचे सात महिने उरलेत, त्याचे किती धराल?" त्यांनी विचारलं. शून्य. सेवा खात्याची असते, मशीनबरोबर जात नाही. ते रागावले नाहीत. म्हणाले, "ऑफिसातून आल्यावर कुठला गेम लावायचा ते शोधण्यातच झोप यायची." शेकडो गेमचं कपाट त्यांनी घेतलं होतं, पण त्यांच्याबरोबर खेळणारं कुणी नव्हतं.

त्याच सुमारास असल्फ्याकडचे दोघे भाऊ यायचे. थोरला कुरिअरच्या गोदामात कामाला, धाकटा आयटीआयला. थोरल्याने जुना प्लेस्टेशन फोर घेतला आणि ऑनलाइनचं विचारलं. घरात नेट नव्हतं, मोबाइलचा हॉटस्पॉट होता. मी त्याला दुसरा रिमोट घ्यायला सांगितलं, तोही जुना, मीच दुरुस्त केलेला. त्या मशीनच्या रिमोटवरची काठी घासून जायची, म्हणजे ड्रिफ्ट यायचा: खेळाडू आपोआप एका बाजूला पळत सुटतो. दोन्ही रिमोटना यायचा, बरोबरीने. मी काठीचं मॉड्यूल बदलून द्यायचो. एकदा धाकटा म्हणाला, "रविवारी दारात चपला ठेवायला जागा नसते." गल्लीतली पोरं नंबर लावून खेळायची, हरला तो उठला. सीड्या ते एक्स्चेंज करायचे, सेवेचा एक रुपया त्यांनी भरला नाही. त्यांच्या मशीनइतकं झिजलेलं मशीन माझ्याकडे दुसरं आलं नाही, आणि त्या पैशांइतके वसूल झालेले पैसेही मी पाहिले नाहीत.

यावरून "ऑनलाइन नकोच" असा नियम करायचा मोह झाला होता. तो पंतनगरच्या एका काकांमुळे मोडला.

पंतनगरची म्हाडा वसाहत जुनी. तिथल्या इमारती एकेक करून पुनर्विकासाला जातात. बिल्डर भाडं देतो, माणसं तीन-चार वर्षांसाठी जिथं परवडेल तिथं पांगतात. हे काका विक्रोळीला कन्नमवार नगरात भाड्याने राहायला गेले होते. मुलगा नववीत. त्याचे जिन्यातले तीन दोस्त होते. एक डोंबिवलीला गेला, एक ठाण्याला, एक नेरुळला. चौघांची शाळाही बदलली. मशीन त्यांच्याकडे आधीपासून होतं, आता मुलगा ऑनलाइनचं मागत होता. काका म्हणाले, "वर्षाला चार हजार घालून हा घरात बसून मोठमोठ्याने एकटाच बोलणार. बरं दिसतं का ते?"

मी विचारलं, बाकी तिघांकडे मशीन आहे का? दोघांकडे होतं, तिसरा, नेरुळचा, घेणार होता. मग मी त्यांना लक्षात आणून दिलं की सेवा एकाने घेऊन भागत नाही. चौघांनी खेळायचं तर चौघांनी आपापली भरायची, म्हणजे वर्षाचे १५,७९६. आणि नेरुळच्या पोराला मशीन घ्यायला लावणारी खरी वस्तू ही सेवाच. एका घराचा निर्णय चार घरांचा होतो. काका उठून गेले. मला वाटलं, संपलं. दोन दिवसांनी फोन आला, मागून बायकांचे आवाज. चारही आया एकमेकींशी बोलल्या होत्या. आधी फुकटचा गेम घेऊन बघायचं ठरलं: मोटारींनी फुटबॉल खेळायचा, रॉकेट लीग. त्याला सेवा लागत नव्हती. अभ्यासाच्या दिवसांत रात्री नऊ ते दहा, तेवढंच. खेळाच्या वेळेची मर्यादा मशीनमध्येच घालता येते, मुलाच्या खात्यावर महिन्याला किती खर्च चालेल तेही ठरवता येतं. हे दोन्ही मी काकांना फोनवर लावायला शिकवलं. परीक्षा झाल्यावर एप्रिल आणि मे या दोन महिन्यांची सेवा चौघांनी घेतली, माणशी ९९८ रुपये. जूनला बंद. वर्षाच्या ३,९४९ ऐवजी एवढ्यात भागलं. पोरांच्या खऱ्या सुट्ट्या तेवढ्याच असतात, हे माझ्या बिलाच्या हिशेबात कधी आलं नव्हतं. ते त्या आयांना सुचलं.

नंतर काका एकदा वायर घ्यायला आले तेव्हा म्हणाले, "अहो, तो गेम खेळतच नाही निम्मा वेळ. नवीन शाळेतल्या सरांच्या नकला करत बसतात चौघं." मी म्हटलं, जिन्यात बसून तेच करायचे ना? ते म्हणाले, "जिना राहिला नाही."

त्या दिवसापासून माझा प्रश्न ठरून गेला. काय खेळणार, याच्या आधी मी विचारतो, कुणाबरोबर खेळणार? सोबती घरात आहे, गल्लीत आहे, की लांब गेलाय? घरात असेल तर दुसरा रिमोट घ्या. लांब असेल तर सेवा घ्या. कुठेच नसेल तर गोष्टीचे गेम आणि सीडीवालं मशीन, सेवा नको. गंमत म्हणजे पैशांत दोन्ही वाटा जवळपास सारख्या पडायच्या. फाइव्हचा रिमोट भारतात आला तो ५,९९० ला, आणि ४९९ प्रमाणे बारा महिन्यांचे व्हायचे ५,९८८. फरक दोन रुपयांचा. रिमोट एकदाच घ्यावा लागतो, सेवा दरवर्षी, हे खरं. पण डोंबिवलीला गेलेल्या मित्राच्या हातात तुमचा दुसरा रिमोट पोचत नाही.

गेल्या काही वर्षांत काउंटरवरच्या प्रश्नांत सरकारही आलं. २ सप्टेंबर २०२० ला पब्जी मोबाइलवर बंदी आली तेव्हा कितीतरी आया विचारत होत्या, कन्सोलपण बंद होणार का? पुढे तोच खेळ बीजीएमआय नावाने जुलै २०२१ मध्ये आला, वर्षभराने पुन्हा गेला, मे २०२३ मध्ये परतला. या ये-जा करणाऱ्या मोबाइल गेमला कंटाळून काही घरांनी कन्सोल घेतला. त्यांचं गणित मला पटलं होतं: मोबाइल पोराच्या हातात चोवीस तास, त्यावर खेळातल्या कपड्यांच्या, हत्यारांच्या नावाखाली वीस-पन्नास करत जाणारे पैसे कुणाला दिसत नाहीत, आणि टीव्हीवरचा खेळ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला तेव्हा पुन्हा तीच धास्ती. एक आजोबा तर पेपर घेऊनच आले. मी त्यांना सांगितलं, बंदी आहे ती पैसे लावून खेळायच्या खेळांवर. नातवाचा फुटबॉल त्यात येत नाही. ते म्हणाले, "म्हणजे सुटका नाही."

पैसे भरण्याची तऱ्हाही बदलली. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून दरमहा आपोआप पैसे कापण्यावर रिझर्व्ह बँकेचे नियम लागू झाले, आधी कळवायचं, ग्राहकाची मंजुरी घ्यायची. अनेकांची सेवा तेव्हा मध्येच अडकली. त्यांनी कोडवाली कार्डं घ्यायला सुरुवात केली, खरवडून नंबर घालायचा. मला ही पद्धत बरी वाटते. पैसे आपोआप जात राहिले की माणूस विचार करायचा थांबतो. दर वेळी दुकानात येऊन कोड घ्यायचा म्हटलं की येताना रस्त्यात तरी मनात येतं, गेल्या महिन्यात किती खेळलो? फक्त एक सावधगिरी सांगतो: कोड त्या त्या देशाच्या खात्यालाच चालतो. न्यू जर्सीच्या मामाने प्रेमाने पाठवलेलं पन्नास डॉलरचं कार्ड इथल्या खात्यात पडत नाही, आणि भाच्याचं तोंड बघवत नाही.

मशीन स्वतः आणखी एक गोष्ट मागतं, ती कुणी सांगत नाही: जागा आणि नेट. पहिल्या फाइव्हच्या साठवणीतले आठशे पंचवीस जीबी सांगायचे, वापरायला मिळायचे सहाशे सदुसष्ट. एकेक मोठा गेम शंभराच्या घरात. सीडी घातली तरी गेम आत उतरवून घ्यावा लागतो आणि वर दुरुस्त्या नेटवरून येतात. घरचं ब्रॉडबँड असेल तर रात्रभरात होतं. केबलवाल्याची संध्याकाळी मान टाकणारी लाइन असेल तर ऑनलाइन सामन्यात पिंग वाढतो, आपला खेळाडू धावतो आणि समोरच्याचा गोल आधीच झालेला असतो. अशा घराला मी सेवा घेऊ देत नाही. आधी आठवडाभर फुकटचा गेम लावून बघा म्हणतो.

मग सगळं ऐकून गिऱ्हाईक पुन्हा तिथंच येतं, "ते ठीक आहे दादा, पण घेऊ का?" माझं उत्तर आता ठरलेलं आहे. कुणाबरोबर की एकट्याने, हेही ज्याला सांगता येत नाही, त्याला मी घरी पाठवतो. मित्राकडे दोन रविवार खेळून या. ज्याला सांगता येतं, त्याला सीडीवालं मशीन, जमलं तर जुनं तपासलेलं, आणि सोबत फार तर एका महिन्याची सेवा. वर्षाची मागितली तरी मी आधी एक महिनाच पुढे करतो. महिना संपला की मशीनमधला तासांचा आकडा बघा. त्यात एकट्याचे किती, भावाबरोबरचे किती, लांबच्या मित्राबरोबरचे किती, हे पोराला विचारा. त्याला ते बरोबर ठाऊक असतं. त्यावरून पुढचे पैसे कुठे घालायचे ते ठरवा.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा शेठ फळीच्या पलीकडून ओरडले होते, "अरे, तू गिऱ्हाईक परत का पाठवतोस?" आता ओरडत नाहीत. महिन्याने परत आलेला माणूस रिमोट मागतो नाहीतर कोड, आणि दोन्ही त्यांच्याच गल्ल्यावर मिळतं.